पाकट आणि मॉस, दोन्ही ‘संकटग्रस्त’ : तुलना नेमकी कशाची करायची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : लाल यादी, म्हणजे धोक्यातील जातींची आययूसीएन या संस्थेची जागतिक यादी, चाळताना आपल्याला एक पाकट मासा आणि एक मॉस असे दोन जीव ‘संकटग्रस्त’ या एकाच वर्गात आढळले. एक काही मीटर रुंदीचा, समुद्रात मुक्त फिरणारा. दुसरा ओल्या खडकाला चिकटलेला, भिंगाशिवाय धड ओळखूही न येणारा. या दोघांना खरोखर एकाच मापाने मोजले आहे का, आणि पैसा व माणसे एकापुरतीच असतील तर आधी कोणाकडे वळावे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे जातींच्या मूल्यांकनाचे काम करतो. सुरुवात मॉसपासून झाली आणि पुढे योगायोगाने मुशी व पाकट यांच्या मूल्यांकनात ओढला गेलो, त्यामुळे या प्रश्नाने मलाही पूर्वी बराच काळ छळले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ असे आहे, परंतु त्या होकाराचा अर्थ वाटतो त्याहून मर्यादित आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर कोणता पाकट आणि कोणते मॉस यावर अवलंबून आहे. आपण जातींची नावे दिलेली नाहीत, म्हणून मी माझ्या परिचयाची उदाहरणे घेऊन विचार कसा करतो ते सांगतो. एक खुलासा आधीच केलेला बरा : बोलताना आपण तळ्यावरच्या हिरव्या थरालाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात भिंतीवर उगवणाऱ्या मखमलीलाही. येथे विषय फक्त दुसऱ्याचा आहे. त्याला खोड असते, इवलीशी पाने असतात, मुळे मात्र नसतात. घोटाळा टाळण्यासाठी मी सर्वत्र ‘मॉस’ हाच शब्द वापरतो.

‘संकटग्रस्त’ हा शिक्का मिळवण्याचे पाच मार्ग आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही एका मार्गाने तो मिळतो, ही गोष्ट यादी वाचणाऱ्या बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पहिला निकष, म्हणजे ‘ए’, फक्त घट पाहतो : दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या किमान निम्म्याने घटली आहे का? कारण थांबलेले नसेल तर ५० टक्के घटीला जात ‘संकटग्रस्त’ ठरते आणि ८० टक्के घटीला ‘अतिसंकटग्रस्त’. दुसरा निकष, ‘बी’, जागा पाहतो : जात जिथे जिथे आढळते त्या सर्व नोंदींना वेढणारे क्षेत्र ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, किंवा तिने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, आणि त्याबरोबर ठिकाणे मोजकी असणे, ऱ्हास चालू असणे यांसारख्या तीन अटींपैकी दोन. ‘सी’ आणि ‘डी’ हे निकष लहान संख्येसाठी आहेत; २५० पेक्षा कमी प्रौढ उरले असतील तर ‘डी’ एकटाच पुरेसा होतो. ‘ई’ हा नामशेष होण्याच्या शक्यतेचे गणित मांडून ठरवतात आणि तेवढी आकडेवारी इतक्या थोड्या जातींची असते की तो क्वचितच वापरला जातो.

आता महाकाय मँटा हा पाकट घ्या. २०२० पासून तो ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. इक्वाडोरच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात त्यांची संख्या २२,००० हून अधिक असावी, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बावीस हजार प्राणी असलेली जात संकटग्रस्त कशी, असे पत्रकार मला विचारतात तेव्हा मी ‘ए’ निकषाकडे बोट दाखवतो. त्याच्या मूल्यांकनात एक पिढी २९ वर्षांची धरली आहे, म्हणजे तीन पिढ्या ८७ वर्षांच्या. एवढ्या काळात जागतिक संख्या निम्म्याहून अधिक घटली असावी, हा तो निष्कर्ष आहे. आज किती उरले आहेत, हे ‘ए’ विचारतच नाही. एक ठिकाण भरलेले दिसले तरी इतर अनेक ठिकाणे रिकामी झालेली असू शकतात.

दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधील डार्बीशायरचे एक मॉस आहे, थॅम्नोब्रियम अँगुस्टिफोलियम. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहे आणि साऱ्या जगात चुनखडीतल्या एकाच झऱ्याच्या प्रवाहात आढळते. त्याची मुख्य वसाहत सुमारे तीन चौरस मीटरची, म्हणजे एका लहान सतरंजीएवढी आहे. तिच्या आसपास काही छोटे पुंजके आहेत. हे मॉस आपल्या प्रश्नातल्या वर्गाच्याही एक पायरी पुढे, ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. गंमत अशी की व्यापलेले क्षेत्र मोजताना आम्ही नकाशावर दोन किलोमीटर बाजूच्या चौकटी टाकतो, त्यामुळे या सतरंजीचेही क्षेत्र कागदावर चार चौरस किलोमीटर होते. सगळ्या जातींना एकच चौकट लावली तरच तुलना होऊ शकते, म्हणून हा नियम आहे आणि मला तो मान्यही आहे. पण सारणीत ‘४’ हा आकडा वाचताना डोळ्यासमोर चार किलोमीटरचे रान आणू नये.

शिक्का कोणत्याही दाराने मिळाला तरी तो एकच गोष्ट सांगतो : परिस्थिती अशीच राहिली तर ही जात जवळच्या भविष्यात नाहीशी होण्याचा धोका फार मोठा आहे. तेवढ्यापुरती तुलना प्रामाणिक आहे. धोका कोणत्या मार्गाने येणार आणि तो कशाने टळणार, हे मात्र शिक्क्यावरून कळत नाही.

त्याच्याही आधी एक अडचण येते : मोजायचे कोणाला? मँटाच्या पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे खालून काढलेल्या छायाचित्रावरून एकेक मासा ओळखता येतो आणि वर्षांनंतर तोच पुन्हा दिसला हे खात्रीने सांगता येते. मॉसच्या गादीत मात्र एक जीव कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो? एकाच बीजाणूपासून फुटलेल्या शेकडो फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून मॉसच्या मूल्यांकनात एक तडजोड रूढ झाली आहे : जमिनीवर किंवा खडकावर वाढणाऱ्या जातीचा एक चौरस मीटर म्हणजे ‘एक प्रौढ’, आणि झाडावर किंवा कुजत्या ओंडक्यावर वाढणाऱ्या जातीसाठी एक झाड किंवा एक ओंडका म्हणजे ‘एक प्रौढ’. ही सोय आहे, सत्य नव्हे, हे आम्ही सगळे जाणतो. या हिशेबाने डार्बीशायरच्या त्या मुख्य वसाहतीत तीन ‘प्रौढ’ भरतात.

या हिशेबाने मला एकदा चांगलेच खजील केले आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका ओढ्याच्या कडेला, सतत पाणी ठिबकणाऱ्या खडकावर मला एक अनोळखी मॉस दिसले. नमुना नीट हवा म्हणून मी चाकूने तळहाताएवढा तुकडा अलगद उचलला आणि कागदी पाकिटात भरला. पुढचे दोन दिवस तोच ओढा वरपासून खालपर्यंत चाललो, तेव्हा आणखी फक्त दोन ठिपके सापडले, तेही त्या तळहाताहून लहान. प्रयोगशाळेत पानाच्या कडेचे दात मोजताना माझ्या ध्यानात आले की त्या ओढ्यातील त्या जातीचा निम्म्याहून मोठा भाग माझ्या पाकिटात आहे. सुदैवाने खरवडलेल्या जागेच्या कडेने ते पुन्हा पसरले. पण तळहातभर जागा भरून यायला कित्येक पावसाळे गेले. तेव्हापासून मी चिमटीत मावेल एवढाच नमुना घेतो आणि तोही आसपास सगळीकडे पाहून झाल्यावर.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन जातींची तुलना करताना मी स्वतःला विचारतो की तिथे एका मृत्यूची किंमत किती आणि एका जागेची किंमत किती. मँटाची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, ते वर्षभर तिच्या पोटात वाढते आणि दोन वेतांमध्ये अनेकदा दोन ते पाच वर्षे जातात. अशा जातीत जाळ्यात मेलेली एक प्रौढ मादी म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न गेले असे समजावे. पिल्ले वाचवून ही तूट भरून निघत नाही, कारण मुळात पिल्लेच थोडी असतात. मासे उतरवण्याच्या ठिकाणी जमिनीवर पसरलेल्या पाकटांची रुंदी फीत लावून मोजण्याचे काम मी केले आहे. तिथे एका मोसमात मोठ्या माद्या कमी होत गेल्या, तरी टोपल्यांचे वजन तेवढेच राहिले. लहान आकाराचे मासे जास्त संख्येने येऊ लागले होते एवढेच. नुसत्या वजनाची नोंद ठेवणाऱ्याला यात काहीच वावगे दिसले नसते.

मॉसच्या बाबतीत एका फांदीच्या मृत्यूला जवळजवळ काहीच किंमत नाही. तुटलेल्या पानापासूनही नवे रोप उभे राहू शकते, वाळून कुरकुरीत झालेले मॉस पाणी मिळताच हिरवे होते, आणि अंटार्क्टिकातील सिग्नी बेटावर गोठलेल्या थरातून काढलेले सुमारे १,५०० वर्षांपूर्वीचे मॉस पुन्हा वाढू लागल्याचे २०१४ मध्ये नोंदवले गेले. इतका चिवट जीव संकटात कसा येतो? कारण तो जागेला बांधलेला आहे. मुळे नसल्यामुळे पाणी आणि क्षार तो थेट पृष्ठभागातून घेतो, त्यामुळे पाण्यातला किंवा हवेतला बदल त्याला गाळणीशिवाय लागतो. नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर असलेल्या जाती तर निम्म्याहून अधिक आहेत, आणि त्यांत नराच्या शुक्रपेशीला पाण्याच्या पातळ थरातून मादीपर्यंत पोहत जावे लागते. दोघांमध्ये हातभर कोरडा खडक आला तरी मीलन होत नाही, बीजाणू तयार होत नाहीत आणि मग ती वसाहत जागच्या जागी टिकून राहते, पण दुसरीकडे पोहोचत नाही. झरा वळवला, वरच्या अंगाची झाडे तोडून ऊन आत आले, किंवा खत मिसळलेले पाणी झिरपू लागले की सगळी वसाहत एकदम जाते.

इथपर्यंत वाचून आपला समज असा होईल की पाकट वाचवायचे म्हणजे मासेमारी आवरायची आणि मॉस वाचवायचे म्हणजे जागा राखायची. मीही बरीच वर्षे असेच सांगत असे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील एका माशाने माझे हे सोपे कोष्टक मोडले.

मॉजियन स्केट हा पाकटांचाच भाऊबंद. तो पहिल्यांदा १९८८ मध्ये टास्मानियाच्या बॅथर्स्ट हार्बरमध्ये सापडला आणि २००७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले. आज त्याची जवळपास सारी संख्या पश्चिम किनाऱ्यावरील मॅक्वारी हार्बर या एकाच आखातात आहे. हे आखात मोठे आहे, पण समुद्राकडे उघडणारे त्याचे तोंड अरुंद आणि उथळ आहे. वर नद्यांचे तपकिरी गोडे पाणी तरंगते आणि खाली खारे पाणी साचून राहते, त्यामुळे तळाच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्यात सॅल्मन माशांच्या शेतीतून पडणारे खाद्य आणि विष्ठा कुजताना उरलासुरला प्राणवायू वापरतात, आणि जलविद्युत प्रकल्पांमुळे नद्यांचा प्रवाहही पूर्वीसारखा राहिलेला नाही. गिलनेटमध्ये, म्हणजे कल्ल्यांशी मासा अडकवणाऱ्या जाळ्यात, सापडून मरणारे स्केट हा वेगळा भाग. २०१४ ते २०२१ या काळात त्याची सापेक्ष संख्या सुमारे ४७ टक्क्यांनी घटल्याचे टास्मानियातील संशोधकांनी दाखवले. २०१९ मध्ये कमी प्राणवायूचे पाणी अचानक वर ढकलले गेल्यावर माग काढण्यासाठी ध्वनी सोडणारी खूण लावलेले स्केट मोठ्या प्रमाणात मेले.

या माशाचे अंडे चामडी पिशवीसारख्या कवचात तळावर पडलेले असते आणि पिल्लू बाहेर यायला महिने लागतात. प्रौढ स्केट पाणी बिघडले तर वर सरकू शकतो. अंडे हलू शकत नाही. त्या महिन्यांपुरते ते अंडे आणि झऱ्यातले मॉस यांची अवस्था एकच असते : भोवतीचे पाणी जसे येईल तसे सोसायचे. येथे उद्या सगळी जाळी उचलली तरी तळाच्या पाण्याचा प्रश्न तसाच राहतो.

आमच्या नियमांत ‘ठिकाण’ या शब्दाची व्याख्या येथे उपयोगी पडते, आणि नवख्या मूल्यांकनकर्त्यांची सर्वांत जास्त गफलत तिथेच होते. ठिकाण म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. एकाच घटनेने जितक्या क्षेत्रातील सर्व जीवांना झपाट्याने फटका बसू शकतो ते सारे क्षेत्र मिळून एक ठिकाण होते. म्हणून शेकडो चौरस किलोमीटरचे मॅक्वारी हार्बर हे एकच ठिकाण, आणि दहा झऱ्यांत वाढणारे मॉस जर एकाच भूजलसाठ्यावर जगत असेल आणि तो साठा उपसला जात असेल, तर ते दहा झरेही मिळून एकच ठिकाण. याच्या उलट उदाहरणेही आहेत. सजावटीसाठी आणि रोपे बांधण्यासाठी जंगलातून पोत्यांनी मॉस ओरबाडले जाते. तिथे जागा शाबूत असते आणि काढणे हाच धोका असतो, म्हणजे त्या मॉसचा प्रश्न मासेमारीसारखा असतो. तुलनेची रेघ प्राणी आणि वनस्पती यांच्यामधून जात नाही, असे मी आता म्हणतो ते यामुळे.

आणखी एक विषमता आपण लक्षात ठेवावी. मुशी, पाकट आणि त्यांच्या नातलगांच्या जवळपास सर्व म्हणजे सुमारे १,२०० जातींचे जागतिक मूल्यांकन दोनदा झाले आहे, आणि २०२१ मधील दुसऱ्या फेरीत एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात असल्याचे दिसले. मॉसच्या जगभरात सुमारे १२,००० जाती आहेत आणि त्यांतील थोड्याच जातींचे जागतिक मूल्यांकन झाले आहे. युरोपने २०१९ मध्ये मॉस आणि त्यांच्या नातलगांच्या १,८१७ जाती तपासल्या तेव्हा पुरेशी माहिती असलेल्यांपैकी सुमारे २२.५ टक्के धोक्यात निघाल्या. म्हणून पाकट यादीत नसेल तर त्याला अर्थ असतो. मॉस यादीत नसेल तर बहुधा अजून कोणी पाहिलेले नाही एवढाच अर्थ निघतो.

न पाहण्याची किंमत दोन्हीकडे मोजली गेली आहे. जावा स्टिंगरी या पाकटाचा एकच नमुना माहीत आहे. तो १८६२ मध्ये आजच्या जकार्तातील मासळीबाजारातून विकत घेतलेला होता. पुढे तो कोणालाच सापडला नाही आणि डिसेंबर २०२३ मध्ये जात नामशेष घोषित झाली. १८६० च्याच दशकात कॅनडातील ओंटारियोमध्ये, बेलव्हिल गावाजवळच्या दलदलीतील झाडांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मॅकून यांनी एक मॉस गोळा केले. दलदल साफ झाली, झाडे गेली. आज निओमॅकूनिया निटिडा हे मॉस केवळ संग्रहालयातील वाळलेल्या पाकिटांत आहे. एकाचा बाजारातला नमुना उरला, दुसऱ्याचे पाकीट.

आता पैशाचा प्रश्न. येथे माझे मत सांगतो आणि अनुभवी सहकाऱ्यांपैकी काहींना ते पटत नाही, हेही सांगून ठेवतो. एका झऱ्यातले मॉस आणि महासागरभर फिरणारा मँटा यांत निवड करायची असेल आणि हाती लहान रक्कम असेल, तर मी ती मॉसवर खर्च करीन. मॉस अधिक मोलाचे आहे असे मला म्हणायचे नाही. झऱ्याचा वरचा उतार राखणे, जमीनमालकाशी बोलणी करणे, वर्षातून दोनदा पाणी तपासणे आणि विम्यासारखे काही तुकडे प्रयोगशाळेत वाढवून अतिथंड अवस्थेत साठवणे, हे काम लहान रकमेत पूर्ण होऊ शकते. मॉस असे गोठवून पुन्हा वाढवता येते, हे सिद्ध झालेले आहे. मँटासाठी तीच रक्कम समुद्रात टाकल्यासारखी आहे. त्याच्या कल्ल्यांतील पट्ट्यांना बाजार आहे आणि त्याचा प्रवास अनेक देशांच्या पाण्यातून होतो, म्हणून तिथे कायदा आणि करार लागतात. २०१३ मध्ये बँकॉकच्या परिषदेत मँटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक कराराचे नियंत्रण आणायचे ठरले आणि २०१४ मध्ये इंडोनेशियाने त्याला आपल्या साऱ्या पाण्यात संरक्षण दिले, तशा निर्णयांना पर्याय नाही. त्यासाठी रकमेपेक्षा चिकाटी आणि आकडे लागतात.

निवड मॉस आणि मॉजियन स्केट यांच्यात असती तर माझे उत्तर बदलले असते. त्या स्केटसाठी २०२३ च्या अखेरीस बंदिस्त प्रजननाचा कार्यक्रम सुरू झाला. पण स्केट प्रयोगशाळेत नळीत ठेवता येत नाही, टाक्या आणि सतत देखभाल लागते, आणि तळाचे पाणी सुधारेपर्यंत ती पिल्ले परत सोडायची कुठे, हा प्रश्न राहतोच. तिथे उशीर लवकर भोवतो, म्हणून मी त्याला आधी धरले असते.

आपण करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. लाल यादीत त्या दोन्ही जातींची पाने उघडा आणि ‘संकटग्रस्त’ या शब्दापुढची अक्षरे पाहा. सुरुवात ‘ए’ने असेल तर पुढे घट कशामुळे झाली ते वाचा; ‘बी’ने असेल तर किती ठिकाणे धरली आहेत आणि त्यांना एकत्र बांधणारा धोका कोणता, ते वाचा. मूल्यांकनाचे वर्षही टिपून घ्या, कारण दहा वर्षांहून जुने मूल्यांकन आम्ही शिळे मानतो. ही अक्षरे, वर्ष आणि धोक्याचा परिच्छेद येथे लिहिलात, तर त्या दोन जातींविषयी मी याहून नेमके बोलू शकेन.